धास्तीचे हप्ते : भयमालिका प्रेक्षकाला कशी धरून ठेवते

दचका आणि धसका या दोन शब्दांत मराठीने जो फरक ठेवला आहे, त्यात भयमालिकेचे निम्मे तंत्र येऊन जाते. दचका बसतो आणि ओसरतो. मागून कुणी खांद्यावर हात ठेवला, माजघरात परात पडली, रस्त्यावर ट्रकचा टायर फुटला, की अंग उडते. दुसऱ्या क्षणी कारण कळते आणि माणूस स्वतःलाच हसतो. धसका बसतो तसा घेतलाही जातो, आणि घेतलेला धसका सहज सुटत नाही. असा माणूस जेवतो, कामावर जातो, लग्नाच्या पंगतीत वाढायलाही उभा राहतो, पण पोटातला गोळा तसाच असतो. या दोहोंच्या मधोमध धास्ती येते. अजून काही झालेले नाही, काय होणार तेही माहीत नाही, पण होणार हे मात्र नक्की.

दचका देणे सोपे आहे. एकदम मोठा आवाज झाला की सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत डोळे मिटतात, मान आक्रसते, खांदे वर जातात. ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. तिला कथा लागत नाही, पात्रे लागत नाहीत, फटाका पुरतो. धास्तीला मात्र वेळ लागतो, घर लागते, त्या घरातली माणसे ओळखीची व्हावी लागतात. दोन तासांच्या चित्रपटाला हा वेळ उसना घ्यावा लागतो. रोज रात्री ठरल्या वेळी घरात येणाऱ्या मालिकेकडे तो रग्गड असतो. मालिकेचे खरे हत्यार तिच्यातले भूत नव्हे. एका भागापासून दुसऱ्या भागापर्यंतचे साडेतेवीस तास हेच तिचे हत्यार, आणि मराठीतल्या यशस्वी भयमालिकेने तेच सर्वांत नीट वापरले आहे.

हा विचार आपल्याकडे नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानक रसाची कारणे सांगितली आहेत. विचित्र आवाज, पिशाच्चादींचे दर्शन, कोल्हे आणि घुबडे, ओस पडलेले घर, अरण्य अशी ती यादी आहे. आजच्या एखाद्या भयमालिकेच्या पटकथेवर ही यादी ठेवून पाहिली तर फारसे काही उरत नाही. भरताने आणखी एक बारकावा टिपला आहे : भयानक हा बीभत्सातून उपजतो. हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंनी हे सूत्र, कदाचित न वाचताच, शब्दशः उचलले. 1984 च्या ‘पुराना मंदिर’पासून 1993 मध्ये सुरू झालेल्या ‘झी हॉरर शो’पर्यंत त्यांचा भर सडलेल्या चेहऱ्यावर, रक्तावर आणि लांब नखांवर राहिला. तालुक्याच्या गावात हे चित्रपट तुफान चालले. पण किळस ही लवकर शिळी होणारी गोष्ट आहे. मुखवटा एकदा नीट उजेडात दिसला की पुढच्या खेपेला प्रेक्षक त्याचा रबर पाहतो.

भयाचा आस्वाद का घेता येतो, याचे उत्तर नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त याने एका हरणावरून दिले. ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकात दुष्यंताच्या रथापुढे पळणारे, मान वळवून मागे पाहणारे हरीण आहे. अभिनवगुप्त म्हणतो ते असे : प्रेक्षकापर्यंत जी पोचते ती अमुक हरणाची, अमुक रानातली, अमुक वेळची भीती नसते, स्थळकाळाची बंधने गळून नुसती भीती उरते, आणि म्हणून ती चाखता येते. याची उलट बाजू खानदेशाला पुस्तकावाचून ठाऊक आहे. 2017 च्या अखेरीस चाळीसगाव तालुक्यात बिबट्याने माणसे मारली, तेव्हा गिरणेकाठच्या शिवारात संध्याकाळनंतर कुणी पाऊल टाकेना. डिसेंबरात वरखेडे परिसरात तो बिबट्या मारला गेला तेव्हा कुठे लोक बाहेर निघाले. त्या भीतीत आस्वाद नव्हता. ती या गावाची, या रात्रीची, या वाटेची होती. पडद्यावरची भीती माणसाला पळवत नाही, बसवून ठेवते. पांघरूण नाकापर्यंत ओढून तो पाहत राहतो.

बसवून ठेवण्याची युक्ती आल्फ्रेड हिचकॉकने फ्रान्स्वा त्रुफोबरोबरच्या मुलाखतीत एका उदाहरणाने समजावली, आणि त्यानंतर ती जगभर पाठ्यपुस्तकांत गेली. टेबलाभोवती माणसे गप्पा मारत बसली आहेत. टेबलाखाली बॉम्ब आहे, पण प्रेक्षकाला त्याचा पत्ता नाही. तो फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का मिळतो. तोच बॉम्ब आधी दाखवला, भिंतीवरचे घड्याळ दाखवले आणि मग त्याच निरर्थक गप्पा चालू ठेवल्या, तर पंधरा मिनिटांची उत्कंठा मिळते. पात्राला ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असणे, ही उत्कंठेची पहिली अट. धास्तीची अट मात्र जराशी वेगळी, आणि हिचकॉकच्या उदाहरणात ती येत नाही. तिच्यात प्रेक्षकालाही पुरते ठाऊक नसते. टेबलाखाली काहीतरी आहे एवढेच त्याला कळलेले असते. बॉम्ब आहे, साप आहे की कुणाचा हात आहे, हे कळलेले नसते. चांगली भयमालिका या दोन अटींमध्ये सतत ये-जा करते. एका दृश्यात प्रेक्षक पात्राच्या पुढे असतो, दुसऱ्यात मागे. कायम पुढे ठेवले तर तो हुशारी मारतो, कायम मागे ठेवले तर चिडतो.

मराठीत या सगळ्याचा सर्वांत मोठा प्रयोग झाला तो ‘रात्रीस खेळ चाले’मध्ये. झी मराठीवर 22 फेब्रुवारी 2016 रोजी पहिले पर्व सुरू झाले आणि ऑक्टोबरात संपले. दुसरे पर्व जानेवारी 2019 मध्ये आले, तिसरे मार्च 2021 मध्ये. कथा सिंधुदुर्गातली, वाडा सावंतवाडीजवळच्या आकेरीचा, बोली मालवणी. तरीही जळगावच्या कॉलनीत आणि धुळ्याच्या गल्लीत रात्री साडेदहाला तिचे शीर्षकसंगीत घराघरातून ऐकू येत असे. मालवणी न कळणाऱ्या अहिराणी घरातही मालिकेतल्या विसराळू पांडूचे ‘इसरलंय’ पोरांच्या तोंडी बसले. खानदेशाला कोकणातले भूत भावले, असा याचा अर्थ लावण्याचे कारण नाही. भावले ते घर.

पहिल्या पर्वाचा आरंभ पाहण्यासारखा आहे. नाईकांच्या वाड्याचे कर्ते अण्णा सुरुवातीलाच जातात. भावंडे वाड्यात जमतात : कुणी लेखक, कुणी शेती सांभाळणारा, कुणी तिऱ्हाइतासारखा आलेला. ज्याच्याभोवती सारे फिरते तो माणूस भिंतीवरच्या तसबिरीत आहे. सुतक, दिवस, नातेवाइकांची ये-जा, वाटणीची कुजबूज, स्वयंपाकघरातली धुसफूस. यात भुताचे काही नाही. हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही घरात घडते. आणि म्हणूनच धास्ती उगवते. मयताच्या घरात तेरा दिवस सगळेच जरा हळू बोलतात, दिवा विझू देत नाहीत, रात्री एकट्याने मागच्या दारी जात नाहीत. मालिकेने ही आयती भीती घेतली आणि तिला फक्त लांबवले.

खानदेशातला प्रेक्षक त्या तसबिरीकडे आणखी एका कारणाने पाहत होता. इथे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांची घागर भरतात. मातीच्या घागरीत पाणी, वर डांगर ठेवायचे, सांजोऱ्या-पुरणपोळीचा नैवेद्य, चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी. गेलेला माणूस वर्षातून एकदा आपल्याच घरी जेवायला येतो. त्याला कुणी भीत नाही, उलट काही चुकले तर तो उपाशी जाईल याची चिंता असते. मालिकेने केले ते एवढेच, की या पाहुण्याच्या येण्याला तिथी ठेवली नाही. तो कधीही येईल, कशासाठी येईल हे सांगता येणार नाही आणि त्याची भूक कशाची आहे हेही कळणार नाही. जिव्हाळ्याची वस्तू इंचभर सरकवली की ती परकी होते. फ्रॉइडने 1919 मध्ये लिहिलेल्या निबंधाचा गाभा हाच आहे. सर्वांत भयंकर वाटते ते अनोळखी नसते, एकेकाळी ओळखीचे असलेले आणि आता तसे न राहिलेले असते.

घर निवडल्यावर प्रश्न आवाजाचा. भयमालिका डोळ्यांनी पाहिली जाते असे वाटते, पण ती निम्म्याहून अधिक कानांनी पाहिली जाते. याची साधी चाचणी घरबसल्या घेता येते : आवाज बंद करून एखादा भाग पाहिला तर तो कौटुंबिक मालिकेसारखा दिसतो. बर्नार्ड हर्मनने 1960 च्या ‘सायको’साठी फक्त तंतुवाद्ये वापरली आणि न्हाणीघरातला तो प्रसंग जगाच्या कानात कायमचा बसवला. पण त्याहून उपयोगी धडा 1942 च्या ‘कॅट पीपल’मध्ये आहे. निर्माता व्हॅल ल्यूटन, दिग्दर्शक जाक तुर्नर. रात्री एक तरुणी बागेच्या कडेने चालली आहे. मागे टाचांचा आवाज. ती थांबते. आवाजही थांबतो. पुन्हा चालते. प्रेक्षकाचे कान त्या मागच्या पावलांवर ताणलेले असताना एकाएकी फुस्स असा श्वापदासारखा आवाज होतो आणि पडद्यात घुसते ती बस. तिचा हवेचा ब्रेक. बसमध्ये भिण्यासारखे काही नाही, तरी सभागृह किंचाळले. तेव्हापासून असल्या खोट्या धक्क्याला ‘बस’ हेच नाव पडले. धुळ्याच्या स्थानकात फलाटाला लागताना एसटी असाच सुस्कारा टाकते. तिला कुणी घाबरत नाही, कारण तिच्या आधी कुणाची पावले ऐकू आलेली नसतात.

खोट्या धक्क्याचे काम धक्का देण्याचे नसतेच. तो ताण थोडा सैल करतो, प्रेक्षक हसतो, खांदे खाली येतात, आणि त्या सैल क्षणी खरी गोष्ट येते. मात्र हे चलन जपून खर्चावे लागते. आठवड्याच्या सहा भागांत सहा वेळा मांजर उडी मारू लागली, की प्रेक्षक मांजराची वाट पाहू लागतो, भुताची नव्हे. मराठी आणि हिंदी दैनंदिन मालिकांचे जुने व्यसन म्हणजे एकाच चेहऱ्यावर तीन वेळा झेपावणारा कॅमेरा आणि त्याबरोबर तीनदा ढण्ण. सासू-सुनेच्या मालिकेत ते खपून जाते. भयमालिकेत ते घातक ठरते, कारण कधी घाबरायचे हे तो ठोका आधीच सांगून टाकतो. 1995 मध्ये सोनी वाहिनीवर सुरू झालेल्या बी. पी. सिंह यांच्या ‘आहट’चे नाव या दृष्टीने अचूक आहे. आहट म्हणजे चाहूल. चाहूल लागणे यात येणारा दिसत नाही, हे गृहीतच आहे.

चाहूल कशी असते, याचे उत्तम उदाहरण खानदेशाच्या जुन्या घरात सापडते. धाब्याच्या घराला सागाचे सरे, त्यावर फळ्या, वर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात वर झोपायला जातात. खाली जेवायला बसलेल्या माणसाला वरचे चालणे नीट ऐकू येत नाही. पण कुणी धाब्यावरून चालले की फळ्यांच्या फटीतून माती झरते. बारीक, पिठासारखी. ताटाच्या कडेला, पाण्याच्या तांब्यात. ती पाहून बाई न विचारता सांगते, पोरे वर गेली. आता हेच दृश्य असे : घरातली सगळी माणसे खाली पंगतीत बसली आहेत. कुणी एकजण सगळ्यांकडे पाहतो, मनात मोजतो. सगळे आहेत. आणि भाकरीवर माती झरते. या प्रसंगाला संगीत लागत नाही, मुखवटा लागत नाही, कॅमेऱ्याने वर पाहण्याचीही गरज नाही. उलट त्याने वर पाहू नये. पाहिले की एकतर तिथे काही असेल किंवा नसेल, आणि दोन्ही उत्तरे प्रश्नापेक्षा लहान आहेत.

इथे भाग संपवायचा.

मालिकेच्या तंत्राचे मर्म या संपवण्यात आहे. अर्ध्या तासाच्या चौकटीत जाहिराती वजा जाता कथेला वीस-बावीस मिनिटे मिळतात. त्यातही सुरुवातीला ‘आतापर्यंत’, शेवटी ‘पुढील भागात’. मध्ये दोन-तीन विश्रांती. लेखकाला प्रत्येक विश्रांतीपूर्वी एक लहान गाठ आणि भागाच्या शेवटी एक मोठी गाठ मारावी लागते. शुक्रवारची किंवा शनिवारची गाठ आणखी घट्ट, कारण मध्ये रविवार. हे दिसायला यांत्रिक आहे आणि बहुतेक मालिकांत ते यांत्रिकच होते : दार उघडते, पात्र किंचाळते, चित्र गोठते, दुसऱ्या दिवशी कळते की दारात दूधवाला होता. प्रेक्षकाने चोवीस तास सांभाळलेली धास्ती अशी फुकट घालवली, की तो पुढच्या गाठीवर विश्वास ठेवत नाही. उधारी थकवणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदार दुसऱ्यांदा माल देत नाही, तसेच हे.

अर्धवट राहिलेली गोष्ट मनात रेंगाळते, हे मानसशास्त्रात ब्लूमा झायगार्निक हिने 1927 मध्ये मांडले. वेटरला न भरलेल्या बिलाची ऑर्डर लक्षात राहते, पैसे मिळाले की ती विसरली जाते, या निरीक्षणावरून तिने प्रयोग केले. नंतरच्या प्रयोगांत हा परिणाम दर वेळी सारखा आढळलेला नाही, तेव्हा त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण मालिकेपुरते एवढे खरे, की रात्री अकराला टीव्ही बंद होतो आणि गोष्ट चालू राहते. ती चालू राहण्याची जागा पडद्यावरून प्रेक्षकाच्या घरात सरकते. दिवा मालवायचा असतो, मागच्या दाराची कडी पाहायची असते, पाणी प्यायला उठायचे असते. चित्रपटगृहातून बाहेर आल्यावर रस्त्यावर माणसे असतात, पानटपरी असते, स्कूटर चालू होत नसते. भीती तिथेच विरते. मालिका मात्र माणसाला त्याच्याच माजघरात सोडून जाते. मालिकेतला वाडा आणि प्रेक्षकाचे घर यांच्यामध्ये एका बटणाचे अंतर असते. त्यात मालिका चालू असतानाच लाइट गेली, तर लेखकाला न मागता मिळालेला तो सर्वोत्तम प्रसंग.

मधल्या वेळेचे दुसरे काम म्हणजे चर्चा. दुसऱ्या दिवशी कार्यालयात, कॉलेजच्या कट्ट्यावर, भाजी निवडताना लोक अंदाज बांधतात : सुषमा कोण, नाथकाकाला काय ठाऊक आहे, पांडू खरेच विसरतो की विसरल्याचे सोंग करतो. पांडूचे पात्र या दृष्टीने फार हुशारीने बेतलेले होते. कुणी निरोप द्यायला जावे आणि नेमके तेवढेच त्याने विसरावे. हसू येते, आणि त्याच वेळी कथेच्या हाती येऊ पाहणारा धागा निसटतो. विनोदी पात्राकडून माहिती रोखून धरण्याचे काम करून घेतले, म्हणजे प्रेक्षक रोखणाऱ्या लेखकावर चिडत नाही, पांडूवर हसतो. संवादलेखक प्रल्हाद कुडतरकर यांनी ही भूमिका स्वतःच केली, त्यामुळे ते विसरणे कुठे थांबवायचे याचा तोल सुटला नाही.

सगळे भाग एकाच दिवशी हाती देणाऱ्या ओटीटीवर ही मधली रात्र नाहीशी होते. माइक फ्लॅनगनच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’चे दहाही भाग नेटफ्लिक्सवर 2018 मध्ये एकदम आले. एक भाग संपला की पाच सेकंदांत दुसरा. मग धास्ती कुठे साठवायची? फ्लॅनगनने ती चौकटीच्या मागच्या कोपऱ्यात साठवली. पुढे बहीणभाऊ बोलत असतात आणि मागे, दाराआड, जिन्याखाली, पियानोच्या सावलीत एखादा चेहरा असतो. कॅमेरा त्याकडे पाहत नाही, संगीतही त्याची दखल घेत नाही. ज्याला दिसला त्याला दिसला. त्यानंतर प्रेक्षक प्रत्येक चौकटीचे कोपरे चाचपू लागतो, म्हणजे भिण्याचे काम तो स्वतःच अंगावर घेतो. सहाव्या भागात लांबच लांब, न तुटणारी दृश्ये आहेत. संकलनाची कात्री नसल्याने सुटकेची जागाही नाही. आणि पाचव्या भागात लहानपणापासून त्यांतल्या नेल या बहिणीला भिववणारी वाकड्या मानेची बाई शेवटी कोण निघते, ते कळल्यावर भीतीचे एका क्षणात शोकात रूपांतर होते. अलीकडच्या भयमालिकांत एवढा मोलाचा उलगडा दुसरा नाही.

उलगड्याचा प्रश्न सर्वांत अवघड. साहित्यसमीक्षक त्स्वेतान तोदोरोव्हने 1970 मध्ये म्हटले, की अद्भुत कथेचा जीव संशयात असतो : हे खरेच अतिमानुष आहे की त्याला लौकिक कारण आहे, या दोहोंत वाचक जोवर हिंदकळतो तोवरच ती कथा. उत्तर दिले की ती एकतर परीकथा होते नाहीतर पोलिसी तपास. ‘रात्रीस खेळ चाले’च्या पहिल्या पर्वात हा संशय जिवंत ठेवण्यासाठी निलिमा होती, विज्ञानाचा धागा न सोडणारी थोरली सून. प्रत्येक चमत्काराला ती कारण देई, आणि प्रत्येक कारणात थोडी फट राही. दुसऱ्या पर्वाने काळ मागे नेला. अण्णा हयात, त्यांच्या आयुष्यात शेवंता ही बाई आली, आणि मालिका भीतीपेक्षा वासनेची आणि हुकमतीची गोष्ट झाली. माधव अभ्यंकरांचे अण्णा घराघरात गेले ते याच पर्वात. लोकप्रियता वाढली, धास्ती घटली. ज्याच्या तसबिरीला लोक भीत होते त्याला आता बोलता-चालता पाहत होते. तिसऱ्या पर्वात तो भूत होऊन परतला तेव्हा तो अनोळखी उरलाच नव्हता. तीन पर्वांत पहिलेच सरस, ते यामुळे.

अतिमानुष मान्य करूनही संशय टिकवता येतो, हे राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ने 2018 मध्ये दाखवले. नारायण धारपांच्या कथेतून त्याचे बीज आले. 1918 च्या कोकणातला न थांबणारा पाऊस, साखळदंडातली आजी, तिच्या जेवणाची वेळ. राक्षस चित्रपटात आहे, स्पष्ट आहे. पण धास्ती त्याची राहत नाही, नायक विनायकच्या हावेची राहते. राक्षसाचे नियम ठाऊक झालेले असतात, हावेचे नसतात. धारप आणि रत्नाकर मतकरी या दोघांनी मराठी गूढकथेत जे कमावले, त्यातला मतकरींचा धडा मालिकावाल्यांना अधिक जवळचा : त्यांच्या कथेत बहुधा एखादी चाळ, एखादे कुटुंब, एखादे लहान मूल असते, आणि भुतापेक्षा त्या माणसांच्या मनातले अधिक काळे असते.

भयमालिकेवर अंधश्रद्धा पसरवल्याचा आरोप होतो. ‘रात्रीस खेळ चाले’वरही झाला. तो सरसकट मान्य करण्यासारखा नाही, पण हसण्यावारी नेण्यासारखा तर मुळीच नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः 1998 मध्ये धुळ्यातून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात, बाईला डाकीण ठरवून मारहाण आणि खून झालेले आहेत. तिथे भगताचे बोट ज्या बाईकडे वळते ती बहुधा एकटी असते, विधवा असते, तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कुणी करणी करते, भूत लावते असे भासवून तिचे जगणे नकोसे करणे हा गुन्हा ठरवला आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. अशा मुलखात पडद्यावरची हडळ दर वेळी पांढऱ्या साडीतली एकटी बाईच का, हा प्रश्न कलेचाही आहे. ती सवयीची झाल्यामुळे तिची भीती उरलेली नाही. उरला आहे तो फक्त एकट्या बाईविषयीचा संशय. धास्ती घराच्या, पैशाच्या, दडवलेल्या गुन्ह्याच्या अंगाने रचली, तर कथा अधिक भीतिदायक होते आणि कुणाच्या अंगणात दगडही पडत नाही.

खानदेशात अशा कथेचे सामान विपुल आहे. धरणगावात 1890 मध्ये जन्मलेल्या बालकवींना लोक फुलांचा आणि निर्झराचा कवी म्हणून ओळखतात. त्यांची ‘खेड्यातील रात्र’ ही कविता मात्र मराठीतल्या भयाच्या वर्णनाचा उत्तम नमुना आहे. उजाड माळ, पडक्या भिंती, ओस देऊळ, वडाचा पार, रात्रीचे आवाज. कॅमेरा कुठे ठेवायचा ते ओळीओळीत सांगितले आहे, आणि घटना म्हणावी अशी एकही नाही. आजची खेड्यातली रात्र वेगळी दिसते, पण ओस तेवढीच. शेतीपंपांची वीज पाळीने रात्री येते. यावल-रावेरकडचा शेतकरी मध्यरात्री हातात बॅटरी घेऊन केळीच्या बागेत जातो, स्टार्टरची पेटी उघडतो, ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवतो. बागेत आत शिरले की दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर पाने. वारा नसला तरी वाळलेले पान खोडाला घासते आणि कुणी धोतर झटकल्यासारखा आवाज होतो. बॅटरीचा उजेड दहा खोडांपलीकडे जात नाही. मोटार चालू असेतोवर तिची घरघर सोबत करते. मग लाइट जाते, घरघर थांबते, आणि आतापर्यंत तिच्याखाली दबलेले सगळे ऐकू येऊ लागते.

या मुलखावर भयमालिका लिहू पाहणाऱ्याने भुताचे नाव आणि त्याचा इतिहास ठरवण्याआधी एका रात्री अशा बागेत स्टार्टरच्या पेटीजवळ बसावे, आणि लाइट गेल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत जे जे ऐकू येईल ते क्रमाने लिहून काढावे.